खांदा दिसला पाहिजे, ठोसा ऐकू आला पाहिजे : बॉक्सिंग गेमचं ग्राफिक्स आणि साउंड कसं लावावं

बॉक्सिंग गेममध्ये समोरच्याचा डावा हुक (बाजूने वळून येणारा ठोसा) येण्याआधी तीन गोष्टी घडतात. खांदा किंचित खाली जातो, कंबर वळते आणि पुढच्या पायाची टाच उचलली जाते. पापणी लवेपर्यंत हे सगळं होऊन जातं. दिसलं तर तुम्ही वेळेत झुकता, नाही दिसलं तर तोंडावर बसतो. म्हणून या गेममध्ये चित्र आणि आवाज यांच्याकडे मी सजावट म्हणून कधीच बघत नाही. ती माहिती आहे, आणि ती वेळेवर पोचली पाहिजे.

हे गेम बनवणाऱ्यांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं. १९८४ साली आर्केडमध्ये आलेल्या 'पंच-आउट'मध्ये खेळाडूचा स्वतःचा बॉक्सर हिरव्या तारांच्या सांगाड्यासारखा पारदर्शक दाखवला होता, कारण त्याच्या पाठीआडून प्रतिस्पर्धी दिसायला हवा होता. पुढे २००६ मध्ये 'फाइट नाइट राउंड ३' एक्सबॉक्स ३६० वर आला, तेव्हा त्यात पडद्यावरच्या ताकदीच्या पट्ट्याच काढून टाकल्या होत्या. समोरचा किती दमला हे त्याचा सुजलेला डोळा आणि खाली आलेले हात बघून ओळखायचं. म्हणजे चेहराच गुणफलक.

मी स्वतः कित्येक महिने एकाच डाव्या हुकला बळी पडत होतो. माझे हात मंद आहेत असं धरून सराव वाढवला, बटणांची मांडणी बदलली, कंट्रोलरही बदलून पाहिला. शेवटी कळलं की टीव्ही सिनेमा मोडवर होता आणि कानाला ब्लूटूथ हेडफोन होता. चित्र उशिरा येत होतं आणि आवाज त्याहून उशिरा. दोन्ही दुरुस्त केले त्याच संध्याकाळी तो हुक दिसायला लागला. ही वेळ इतरांवर येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

आधी चाचणीची पद्धत ठरवा

क्रम असा ठेवा: पडदा, मग फ्रेम (म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं), मग गेममधले ग्राफिक्सचे पर्याय, शेवटी आवाज. उलट केलंत तर पडद्याचा दोष ग्राफिक्सच्या पर्यायांमध्ये शोधत बसाल.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर एक पूर्ण फेरी खेळा. व्यावसायिक पुरुष बॉक्सिंगची फेरी तीन मिनिटांची असते, चाचणीला तेवढा वेळ अगदी पुरतो. गेममध्ये फेरी छोटी केलेली असेल तर ती तीन मिनिटांची करून घ्या. प्रतिस्पर्धी तोच, स्टेडियम तेच, कठीणपणाची पातळी तीच. पहिलं मिनिट फक्त गार्ड (तोंडासमोर हात) धरून समोरच्याचे खांदे बघा. दुसऱ्या मिनिटात दोरांजवळ जाऊन जवळून मारामारी करा, कारण यंत्रावर खरा ताण तिथे येतो. तिसऱ्या मिनिटात शक्य तेवढा वेळ फक्त कानावर लक्ष ठेवा. मेन्यूमध्ये किंवा बॉक्सरच्या प्रवेशाच्या दृश्यात बघून काही ठरवू नका.

पडदा

टीव्हीवर खेळत असाल तर पहिलं काम गेम मोड. टीव्ही येणाऱ्या प्रत्येक चित्रावर प्रक्रिया करत असतो: गोंगाट काढणं, रंग खुलवणं, हालचाल गुळगुळीत करणं. यात वेळ जातो. काही टीव्हींवर हा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या घरात जातो. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे तुम्ही सहा फ्रेम मागे खेळत असता. एखाद्या झटपट जॅबचा (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचा) निम्मा प्रवास त्यात संपलेला असतो. नव्या टीव्हीत कन्सोल सुरू होताच गेम मोड आपोआप लागण्याची सोय असते, पण ती चालू आहे ना हे एकदा डोळ्यांनी तपासा.

हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी देतात. नाव काहीही असो, तो बंद करा. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये टीव्ही स्वतः बनवलेली फ्रेम घुसवतो, त्यासाठी पुढची फ्रेम येईपर्यंत त्याला थांबावं लागतं, आणि वेगाने फिरणाऱ्या ग्लोव्हच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात.

शार्पनेस बऱ्याच टीव्हींवर मुळातच जास्त ठेवलेला असतो. ग्लोव्हभोवती पांढरी बारीक किनार दिसत असेल तर तो खाली आणा आणि किनार नाहीशी होईल तिथे थांबा. पीसी असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) तपासा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन तो वर्षानुवर्षं ६० वर चालवणारे लोक मी बघितलेत.

आता एचडीआर, म्हणजे उजेड आणि काळोख यांतला फरक वाढवून दाखवणारा मोड. यावर जरा थांबतो, कारण बॉक्सिंगच्या रिंगणात तो जितका चांगला दिसतो तितकाच चटकन बिघडतो. वरून प्रखर दिव्यांचा झोत, खाली फिकट रंगाचा कॅनव्हास, आणि भोवती अंधारातली गर्दी. एकाच चौकटीत सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळोखी गोष्ट शेजारी शेजारी. कॅलिब्रेशन चुकलं तर कॅनव्हास पांढराफटक होतो आणि काळी शॉर्ट्स घातलेल्या बॉक्सरचे पाय मागच्या अंधारात मिसळतात. पाय दिसेनासे झाले की अंतराचा अंदाज गेलाच.

गेममध्ये एचडीआरचं कॅलिब्रेशन असेल तर त्यातली खूण जेमतेम दिसेनाशी होईल तिथे थांबायला सांगतात. तेवढं करून प्रत्यक्ष फेरीत जा आणि दोन गोष्टी बघा. कॅनव्हासवरच्या चुण्या आणि छापलेली अक्षरं दिव्याच्या झोताखालीसुद्धा दिसतात का? गडद शॉर्ट्सची शिवण किंवा पट्टा मागच्या गर्दीपासून वेगळा ओळखू येतो का? पहिल्याचं उत्तर नाही आलं तर कमाल उजेडाचा आकडा खाली आणा, दुसऱ्याचं नाही आलं तर काळ्याची पातळी थोडी वर घ्या, दोन्हींचं उत्तर हो येईपर्यंत. स्वस्त पडद्यावर कितीही खटपट केली तरी हे जमत नसेल तर एचडीआर सरळ बंद करा. नीट लावलेलं साधं चित्र बिघडलेल्या एचडीआरपेक्षा केव्हाही सरस. एचडीआर बंद असतानाही काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा सावल्या ठार बुजत असतील, तर कन्सोलची आणि टीव्हीची आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा आवाका) जुळत नाही असं समजा. दोन्हीकडे फुल किंवा दोन्हीकडे लिमिटेड ठेवा.

उशीर मोजायचा असेल तर वेगळं उपकरण लागत नाही. फोनच्या स्लो मोशनमध्ये २४० फ्रेमचा पर्याय असेल तर कंट्रोलरचं बटण आणि पडदा एकाच चौकटीत घेऊन जॅब मारा. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बटण दबल्यापासून बॉक्सरचा हात हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. प्रत्येक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांची. गेमच्या ॲनिमेशनचा स्वतःचा वेळही यात धरला जातो, त्यामुळे एकट्या आकड्याला अर्थ नाही. गेम मोडच्या आधीचा आणि नंतरचा आकडा यांतला फरक मात्र खरा. प्रत्येक वेळी निदान दहा जॅब मोजून सरासरी काढा.

फ्रेम : जास्त नकोत, सारख्या हव्यात

सरासरी ७५ फ्रेम मिळतात पण क्लिंचमध्ये (दोघं एकमेकांना मिठी मारतात तेव्हा) ४५ वर येतात, अशा सेटिंगपेक्षा न हलणाऱ्या ६० फ्रेम कितीतरी बऱ्या. बॉक्सिंग ही तालाची गोष्ट आहे. जॅबला झुकण्याची वेळ तुमचे हात तालाने शिकतात. फ्रेमचा वेळ कधी १३ तर कधी २२ मिलिसेकंद होत राहिला तर तो ताल हातात बसत नाही.

कन्सोलवर क्वालिटी आणि परफॉर्मन्स असे दोन मोड असतील तर खेळायला परफॉर्मन्स घ्या. क्वालिटी मोड रीप्ले बघायला ठेवा. ३० फ्रेमवर एकेक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, आणि तेवढ्या वेळात खांद्याची सुरुवातीची हालचाल दोन चित्रांच्या मध्येच हरवते.

पीसीवर फ्रेमरेटचा आलेख दाखवणारा ओव्हरले लावा आणि आकड्यापेक्षा आलेखाच्या रेषेकडे बघा. सपाट रेषा हवी. टोकं दिसत असतील तर ती नेमकी कधी येतात ते लिहून ठेवा: नॉकडाउनला कॅमेरा बदलताना, गर्दी उसळताना, की दोघं दोराला टेकलेले असताना. नॉकडाउनच्या वेळचं टोक सोडून द्या, तेव्हा तुमच्या हातात काही नसतं. दोराजवळचं टोक मात्र घालवायलाच हवं.

पडद्याला व्हीआरआर (फ्रेमच्या वेगानुसार रिफ्रेश रेट बदलणारी सोय) असेल तर ते चालू करा आणि फ्रेमरेटची कमाल मर्यादा रिफ्रेश रेटच्या तीन-चार फ्रेम खाली बांधा. चित्र फाटत नाही (दोन फ्रेमचे तुकडे एकत्र दिसत नाहीत) आणि व्ही-सिंकचा, म्हणजे फ्रेम पडद्याच्या वेगाला बांधणाऱ्या पर्यायाचा, उशीरही टळतो. व्हीआरआर नसेल तर आधी व्ही-सिंक बंद करून खेळून बघा. चित्र फाटणं डोळ्यांना खुपलं तरच चालू करा. एक गोष्ट लक्षात ठेवा, काही गेमचं ॲनिमेशन आणि ऑनलाइन सामना ६० फ्रेमलाच बांधलेला असतो. तिथे १४४ साठी झगडण्यात अर्थ नाही.

लॅपटॉपवाल्यांनी पहिल्या फेरीवरून निष्कर्ष काढू नये. यंत्र तापलं की प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स कार्डाचा वेग आपोआप खाली येतो, आणि तो फटका चौथ्या-पाचव्या फेरीत बसतो. चार्जर लावून, पॉवर मोड वाढवून सलग सहा फेऱ्या खेळा. सहाव्या फेरीत जे आकडे मिळतात तेच तुमचे खरे आकडे.

ग्राफिक्सचे पर्याय : काय तोडायचं, काय राखायचं

मोठ्या मोकळ्या जगाच्या गेमसाठी दिलेले सल्ले इथे चालत नाहीत. तिथे दूरचं दृश्य, झाडी, हवामान यांवर ताकद खर्च होते. इथे जागा म्हणजे फार तर सात-साडेसात मीटरचा चौरस आणि त्यात दोन उघडी शरीरं. म्हणून कात्री भोवतालावर चालवायची, शरीरांवर नाही.

पहिली कात्री गर्दीवर. हजारो प्रेक्षकांचं हलणं प्रोसेसरलाही लागतं आणि ग्राफिक्स कार्डलाही, आणि सामना रंगात असताना तिकडे बघायला कुणाला सवड असते? मीडियम किंवा लो. दुसरी कात्री दिव्यांच्या झोतातल्या धुक्यावर, म्हणजे व्हॉल्युमेट्रिक लाइटिंगवर. प्रवेशाच्या वेळी ते देखणं दिसतं, पण फेरीत समोरच्याच्या अंगावर हलका पडदा धरल्यासारखं होतं. रिफ्लेक्शन मीडियमवर आणलं तर फरक शोधूनही सापडत नाही.

सावल्या मात्र पूर्ण उतरवू नका. पायाखालची सावली अंतर सांगते, आणि छातीवर पडणारी हाताची सावली गार्डची उंची सांगते. मीडियमखाली गेलं की सावलीच्या कडा थरथरायला लागतात आणि नजर उगाच तिकडे ओढली जाते. अँबियंट ऑक्लूजनही (फटी-कोपऱ्यांतल्या बारीक सावल्या) राखा. ग्लोव्ह आणि गाल यांच्यामधली बारीकशी काळी फट त्यानेच दिसते, आणि गार्ड बंद आहे की उघडा हे त्या फटीवरून कळतं.

टेक्स्चर (पृष्ठभागाचे बारकावे) जेवढं ग्राफिक्स मेमरीत मावेल तेवढं वर ठेवा. मेमरी पुरत असेल तर याने फ्रेमरेट जवळजवळ उतरत नाही. त्वचेचा पर्याय वेगळा दिलेला असेल तर त्याला हाय द्या. पाचव्या फेरीनंतर एकदा सामना थांबवून फोटो मोडमध्ये समोरच्याचा चेहरा जवळ आणून बघा. भुवईखालची सूज, गालाच्या हाडावरचा लालसरपणा, आणि घामामुळे खांद्याच्या गोलाईवर उमटणारी उजेडाची रेघ. ती रेघ फार मोलाची आहे. कोरड्या, मंद त्वचेवर खांद्याची हालचाल डोळ्यातून निसटते. ओल्या त्वचेवर तीच उजेडाची रेघ सरकते आणि नजर आपोआप तिथे जाते. त्वचेचा दर्जा खाली आणला की पहिल्यांदा हीच रेघ पुसली जाते.

मोशन ब्लर (हालचाल धूसर दाखवणारा पर्याय) बंद. यावर दुसरं मत मी ऐकून घेतो, पण माझं बदलत नाही. रीप्लेमध्ये तो सुंदर दिसतो, खेळताना तो नेमका ग्लोव्हच पुसून टाकतो. फिल्म ग्रेन (चित्रावरचे दाणे) आणि क्रोमॅटिक ॲबरेशनही (कडांवरची रंगीत झाक) बंद. डेप्थ ऑफ फील्ड फक्त मागची गर्दी धूसर करत असेल तर राहू द्या, उलट नजर दोघांवर टिकते.

फ्रेम तरीही कमी पडत असतील तर रिझोल्यूशन एक पायरी खाली आणून बघा. फ्रेम वाढल्या तर ताण ग्राफिक्स कार्डावर आहे. तशाच राहिल्या तर प्रोसेसरवर, आणि मग गर्दी, कापडाचं हलणं, फिजिक्स हे कमी करण्याशिवाय इलाज नाही. कार्डावर ताण असेल तर डीएलएसएस, एफएसआर किंवा एक्सईएसएस या अपस्केलिंगच्या (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करण्याच्या) तंत्रांपैकी तुमच्या कार्डावर जे चालेल ते क्वालिटी पातळीवर लावा. ते नीट चाललंय का हे दोरांवर बघा. पातळ, तिरके, हलणारे दोर अपस्केलिंगची खोड लगेच उघडी पाडतात. दोर चुरचुरत असतील किंवा ग्लोव्हमागे फिकट शेपूट उमटत असेल तर एक पायरी वर या. फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेली फ्रेम घुसवणं) इथे लावू नका. आकडा दुप्पट दिसतो, पण बटणाला प्रतिसाद उशिरा येतो, आणि आपण सुरुवातीपासून त्याच उशिराशी भांडतोय.

कॅमेरा हा खरं तर ग्राफिक्सचा भाग नाही, तरी सांगतो. बाजूने दिसणारा, छातीच्या उंचीचा कॅमेरा अंतर सगळ्यात प्रामाणिकपणे दाखवतो. खांद्यामागचा कॅमेरा रोमांचक असतो, पण तुमचाच बॉक्सर समोरच्याचा निम्मा हात झाकतो. आज 'पंच-आउट'सारखा पारदर्शक सांगाडा सहसा कुणी देत नाही.

आवाज

आवाजाकडे बहुतेक लोक शेवटी वळतात, किंवा वळतच नाहीत. माणसाचा कान डोळ्यापेक्षा लवकर प्रतिसाद देतो. साध्या चाचणीतसुद्धा आवाजावरची प्रतिक्रिया दृश्यावरच्या प्रतिक्रियेपेक्षा काही मिलिसेकंद आधी येते. हा फायदा फुकट घालवण्यात काय अर्थ आहे?

सुरुवात जोडणीपासून करा. साध्या ब्लूटूथ हेडफोनवर आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे राहू शकतो. ठोसा बसून हात मागे आला तरी कानात काही नाही, मग एकदम फट्ट. मेंदू गोंधळतो आणि तुमची पुढची कॉम्बिनेशन (ठोशांची मालिका) त्या उशिराच्या आवाजाच्या तालावर जाते. तारेचा हेडफोन घ्या, तार नकोच असेल तर यूएसबी डोंगलसोबत येणारा २.४ गिगाहर्ट्झचा. साउंडबार असेल तर त्याचाही गेम मोड शोधा आणि टीव्हीतला ऑडिओ डिले शून्यावर आणा.

यानंतर व्हर्च्युअल सराउंड, म्हणजे हेडफोनवर आवाजाची दिशा भासवणारी सोय. विंडोज सोनिक, डॉल्बी ॲटमॉस फॉर हेडफोन्स, पीएस५ चं टेम्पेस्ट, किंवा हेडफोनच्या ॲपमधलं स्वतःचं काहीतरी. यांपैकी एकच चालू ठेवा. दोन एकावर एक चढले की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो आणि डावं-उजवं कळेनासं होतं. गेममध्ये हेडफोनचा पर्याय असेल तर तो निवडा आणि बाहेरचे सगळे बंद करून आधी ऐका.

नाइट मोड किंवा कमी डायनॅमिक रेंज बंद. ते मोठे आवाज दाबतं आणि लहान आवाज वर काढतं. मग जॅब आणि जोरदार अपरकट (खालून वर येणारा ठोसा) सारखेच वाजतात, ठोशाच्या वजनाची माहितीच नाहीशी होते.

आता स्लायडर. सगळं शंभरवर ठेवणं ही सर्रास होणारी चूक. ठोसा, घंटा आणि गर्दी एकदम उसळली की आवाज चिरकतो आणि नेमका महत्त्वाचा क्षण चिखल होतो. माझी मांडणी अशी आहे: मास्टर ८०, इफेक्ट्स १००, गर्दी ४५, कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाचा आवाज ७०, समालोचन ३०, सामन्यातलं संगीत शून्य. मेन्यूतलं संगीत हवं तेवढं ठेवा. हे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं घ्या. गर्दी पूर्ण बंद करावीशी वाटेल, पण करू नका. समोरचा डगमगला की गर्दीचा सूर तुमच्या नजरेआधी बदलतो, बऱ्याच गेममध्ये तसा बांधलेला असतो.

यानंतर सरावाच्या मोडमध्ये जा आणि डोळे मिटा. खरोखर मिटा. समोरच्याला मारू द्या आणि फक्त ऐका. गार्डवर बसलेला ठोसा 'धप्प' वाजतो, चामड्यावर चामडं, बोथट, लगेच विरणारा. गालावर बसलेला 'फट्ट', वरच्या पट्टीत, टोकदार. बरगडीखाली बसला की आवाज खोल जातो आणि पाठोपाठ श्वास सुटल्याचा हुंकार येतो. हुकलेला ठोसा म्हणजे नुसती हवेची सर्र. हे चार आवाज दहापैकी नऊ वेळा ओळखता आले की तुमचा साउंड जमला. 'धप्प' आणि 'फट्ट' एकसारखे वाटत असतील तर इक्वलायझरमध्ये दोन ते पाच किलोहर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबल वर घ्या. ठोशांना वजनच वाटत नसेल तर ऐंशी हर्ट्झच्या आसपास थोडं वाढवा, पण जपून. बास जास्त झाला की धप्पची शेपूट लांबते आणि पुढचा ठोसा तिच्याखाली गाडला जातो. सबवूफर असेल तर त्याला हाच नियम दुपटीने लागू.

पायांचा आवाज विसरू नका. कॅनव्हासवर बुटाचा तळवा घासल्याचा चुर्र आवाज म्हणजे समोरचा कोन बदलतोय. चांगल्या हेडफोनवर तो कोणत्या बाजूला सरकतोय हेही कळतं. गर्दी साठच्या वर असेल तर हा आवाज हमखास बुडतो, पंचेचाळीसचा माझा आकडा यासाठीच आहे.

कंट्रोलरचं कंपनही या हिशेबात धरा. गार्डवर बसल्यावर हलकं आणि अंगावर बसल्यावर जोरात, एवढा भेद हाताला कळत असेल तर मध्यम ताकदीवर ठेवा. सगळं एकसारखंच थरथरत असेल तर बंद, कारण अंगठ्यांची पकड ढिली होते.

सगळं जमलं की प्रत्येक मेन्यूचा स्क्रीनशॉट काढून एका फोल्डरमध्ये टाका: टीव्हीचा, कन्सोलचा किंवा ड्रायव्हरचा, गेमच्या ग्राफिक्सचा, ऑडिओचा. गेमच्या किंवा ड्रायव्हरच्या अपडेटनंतर यातलं काहीतरी मूळपदावर गेलेलं असतं, बहुतेक वेळा मोशन ब्लर आणि एचडीआर. अपडेट झाल्यावर ऑनलाइन सामन्यात थेट उतरू नका. त्याच प्रतिस्पर्ध्याशी, त्याच स्टेडियममध्ये एक फेरी खेळा: पहिल्या मिनिटाला खांदे, दुसऱ्या मिनिटाला दोर, तिसऱ्या मिनिटाला कान.